देवबागच्या टोकापर्यंत एचआयव्हीची चाचणी कशी पोहोचते?

प्रतिनिधी
देवबाग (ता. मालवण)

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे १९ जणांना आपल्या शरीरात हा विषाणू आहे याची कल्पनाच नाही. २०२३-२४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या सरकारी आकडेवारीतून निघणारा हा निष्कर्ष आहे. उपचार मोफत आहेत, औषध दिवसातून एकच गोळी इतके सुटसुटीत झाले आहे, भेदभावाविरुद्ध कायदाही आहे. मात्र या साऱ्याचा लाभ मिळण्यापूर्वी एक गोष्ट घडावी लागते, ती म्हणजे रक्ताची चाचणी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचे यशापयश आज या एका पायरीवर येऊन थांबले आहे.

महानगरातील मोठ्या रुग्णालयात ही पायरी चढणे तुलनेने सोपे असते. तेथे कोणी कोणाला ओळखत नाही. मालवण तालुक्यातील देवबागसारख्या गावाची गोष्ट निराळी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, मधोमध माडांच्या बनातून जाणारा एकच रस्ता आणि संगमापाशी संपणारी जमीन. गावातून कोण केव्हा मालवणला गेले आणि कशासाठी गेले, हे सायंकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. येथे एचआयव्हीचे प्रमाण अधिक आहे म्हणून देवबागचा उल्लेख केलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. दिल्लीत आखलेले धोरण रस्त्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचताना त्याचे काय होते, हे समजून घेण्यासाठी मासेमारी, पर्यटन आणि मुंबई-गोव्याचे स्थलांतर या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले हे गाव उपयुक्त ठरते.

मृत्यू घटले, संसर्ग तितका नाही

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये झाले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजेच ‘नाको’ स्थापन होऊन कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. महाराष्ट्रात १९९८ पासून राज्य एड्स नियंत्रण संस्था काम पाहते; मुंबईसाठी स्वतंत्र संस्था आहे. कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या कालावधीसाठी आखण्यात आला आणि त्याकरिता १५ हजार ४७१ कोटी ९४ लाख रुपयांची तरतूद झाली.

या टप्प्यापुढे दोन मोठी उद्दिष्टे होती. २०१० च्या तुलनेत नवे संसर्ग ८० टक्क्यांनी आणि एड्समुळे होणारे मृत्यूही ८० टक्क्यांनी कमी करायचे होते. ‘नाको’च्या २०२३ च्या अंदाजानुसार मृत्यूंमध्ये सुमारे ७९ टक्के घट झाली. म्हणजे हे उद्दिष्ट हाताशी आले. नव्या संसर्गात मात्र सुमारे ४४ टक्केच घट झाली. त्या एका वर्षात देशात अंदाजे ६८ हजार व्यक्तींना नव्याने संसर्ग झाला. एकूण बाधितांची संख्या २५ लाख ४४ हजार असून प्रौढांमधील प्रमाण ०.२० टक्के आहे. २०२१ च्या अंदाजात सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात, ३ लाख ९४ हजार, होते. राज्याची लोकसंख्या मोठी असणे हे त्याचे एक कारण आहे.

उपचारांनी माणसे वाचवली, परंतु प्रतिबंध त्याच वेगाने पुढे सरकला नाही, असा या दोन आकड्यांचा अर्थ आहे. संसर्ग ठाऊक नसलेली व्यक्ती औषध घेत नाही, जोडीदाराला सांगत नाही आणि काळजीही घेत नाही. चाचणी हा उपचाराचा दरवाजा आहेच; तो प्रतिबंधाचाही दरवाजा आहे. संयुक्त राष्ट्रांचे ‘९५-९५-९५’ हे सूत्र याच विचारातून आले. बाधितांपैकी ९५ टक्क्यांना निदान ठाऊक असावे, त्यातील ९५ टक्के औषधावर असावेत आणि औषधावरील ९५ टक्क्यांच्या रक्तातील विषाणू दबलेला असावा. भारतात हे प्रमाण अनुक्रमे ८१, ८८ आणि ९७ टक्के नोंदले गेले. तिसरी पायरी ओलांडलेली आहे; पहिली पायरीच सर्वात मागे आहे.

हे आकडे अंदाज असतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. एके काळी भारतात ५० लाखांहून अधिक बाधित असल्याचे मानले जात होते. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रत्यक्ष रक्तचाचण्या झाल्या आणि २००७ मध्ये हा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणला गेला. रोग एका रात्रीत निम्मा झाला नव्हता. मोजमाप सुधारले होते.

सक्ती का नको? शेजारच्या गोव्याचा धडा

‘सर्वांची सक्तीने चाचणी करून टाका, प्रश्न मिटेल,’ असा सल्ला आजही अनेकदा दिला जातो. विवाहापूर्वी चाचणी बंधनकारक करण्याची मागणीही अधूनमधून पुढे येते. राष्ट्रीय धोरणाने हा मार्ग नाकारला आहे. त्यामागे अनुभव आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा अनुभव सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडचाच आहे.

गोव्यातील डॉमनिक डिसोझा हे नियमित रक्तदान करणारे तरुण होते. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळल्यानंतर फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत एकटे ठेवले. तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना अलग ठेवण्याची तरतूद होती. हा एकांतवास ६४ दिवस चालला. त्यांच्या आईने, लुसी डिसोझा यांनी न्यायालयात दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने कायद्यातील तरतूद वैध ठरवली, मात्र या प्रकरणाने देशभर चर्चेला तोंड फुटले. डॉमनिक यांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. २००५ चा ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट त्यांच्या जीवनावरून स्फुरलेला आहे.

या प्रकरणातून सार्वजनिक आरोग्याने घेतलेला धडा साधा आहे. निदान झाल्यावर शिक्षा होणार असेल, तर लोक निदानच टाळतात. चाचणी टाळणारी माणसे दृष्टीआड होतात आणि संसर्ग मात्र पसरत राहतो. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच आणखी एका प्रकरणात, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. अर्जदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून त्या खटल्यात नावाऐवजी केवळ अक्षरे वापरली गेली.

या साऱ्याचे रूपांतर पुढे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ मध्ये झाले. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. माहितीपूर्ण संमतीविना चाचणी करता येत नाही. संमतीविना निदान उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण वा वैद्यकीय सेवा देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. दान केलेल्या रक्ताची तपासणी, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. बाधितांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षे कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारींसाठी राज्य पातळीवर लोकपाल नेमण्याची तरतूदही कायद्यात आहे.

चाचणी होते तरी कशी?

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, म्हणजेच ‘आयसीटीसी’, हा या व्यवस्थेचा कणा आहे. १९९७ मध्ये सुरू झालेली ऐच्छिक चाचणी केंद्रे आणि गर्भवतींसाठीची केंद्रे २००६ मध्ये एकत्र करून ही रचना करण्यात आली. येथे चाचणी मोफत असते.

केंद्रात आलेल्या व्यक्तीशी प्रथम समुपदेशक बोलतो. चाचणी कशासाठी, निकालाचा अर्थ काय, पुढे काय करता येईल हे समजावून सांगितल्यावर संमती घेतली जाते. नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. पहिल्या चाचणीत प्रतिक्रिया दिसली नाही तर निकाल ‘निगेटिव्ह’ दिला जातो. प्रतिक्रिया दिसली तर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या आणखी दोन किट वापरल्या जातात. लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तिन्ही चाचण्या जुळल्यावरच संसर्ग निश्चित मानला जातो. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो आणि तो समोरासमोर, समुपदेशनासह दिला जातो.

गावातील शिबिरात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला टोचून केली जाणारी एकच चाचणी ही केवळ चाळणी असते. तेथे प्रतिक्रिया दिसली म्हणजे निदान झाले, असे नव्हे. अशा व्यक्तीला खात्रीसाठी ‘आयसीटीसी’कडे पाठवले जाते. हा फरक माहीत नसल्याने अनेकांची विनाकारण घबराट होते.

दुसरा गैरसमज ‘विंडो पिरियड’चा. ही चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार होण्यास अवधी लागतो. संसर्गानंतर साधारण तीन आठवडे ते तीन महिने या काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे जोखमीच्या प्रसंगानंतर आठवड्याभरात आलेला निगेटिव्ह निकाल निश्चिंत होण्यास पुरेसा नसतो. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते.

धोरणात किनाऱ्याचे स्थान

देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्ती या गटांत संसर्गाची जोखीम अधिक असल्याने कार्यक्रमाचे प्रतिबंधाचे काम प्रामुख्याने त्यांच्यावर केंद्रित राहिले. त्यांच्यातीलच कार्यकर्त्यांमार्फत निरोध, गुप्तरोगांवरील उपचार आणि नियमित चाचणी पोहोचवण्याची ही पद्धत परिणामकारक ठरली. महाराष्ट्रात सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच या कामाच्या केंद्रस्थानी आणले.

स्थलांतरित कामगार आणि ट्रकचालक यांना धोरणाच्या भाषेत ‘सेतू’ गट म्हटले जाते. किनाऱ्याचा प्रश्न येथे येतो. ट्रॉलरवर काम करणारे अनेक खलाशी परप्रांतीय असतात. कुटुंब दूर आणि मुक्काम बदलता. तालुक्यातील तरुण नोकरीसाठी मुंबई-गोव्याला जातात. पर्यटनामुळे हंगामी कामगारांचीही ये-जा असते. यातील कोणतीही गोष्ट स्वतः संसर्गाचे कारण नाही. घरापासून दूर राहणाऱ्या, आरोग्यसेवेशी कायमचा संबंध नसलेल्या माणसापर्यंत चाचणी पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरील मच्छीमार वस्त्यांत संसर्गाचे प्रमाण मोठे आढळले, तेव्हा तेथील आरोग्य यंत्रणांना सेवा थेट बोटी लागतात त्या जागी न्यावी लागली.

स्थलांतरितांसाठीच्या धोरणात मूळ गाव, प्रवासाचा मार्ग आणि कामाचे ठिकाण अशा तिन्ही जागी काम करण्याची कल्पना आहे. मूळ गावी शिबिरे घ्यायची ती माणसे परततात तेव्हा. कोकणात हे वेळापत्रक शोधावे लागत नाही. गणेशोत्सवात आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतोच. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, पावसाळ्यात जलक्रीडाही बंद असतात. किनाऱ्यावरचा माणूस घरी असतो असा हाच काळ. रक्तदाब, मधुमेह आणि क्षयरोगाच्या तपासणीसोबत एचआयव्हीची चाचणी उपलब्ध करून दिली, तर कोण कशासाठी रांगेत उभे आहे हे कोणालाच कळत नाही. लहान गावात गुप्तता राखण्याचा याहून सोपा उपाय नाही.

पाचव्या टप्प्यात ‘संपूर्ण सुरक्षा’ या संकल्पनेचीही भर पडली. चाचणी निगेटिव्ह आलेल्या, परंतु जोखीम कायम असलेल्या व्यक्तीला नुसता निकाल देऊन परत न पाठवता तिच्याशी संपर्क ठेवायचा, असा तिचा गाभा आहे. मोबाइलवरून ओळखी जुळण्याच्या या काळात जोखमीची माणसे ठरावीक वस्तीत सापडत नाहीत, ही जाणीव त्यामागे आहे.

आई आणि बाळ

चाचणीची खरी ताकद गर्भवतींच्या बाबतीत सर्वाधिक दिसते. कोणतेही उपचार न झाल्यास बाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषध सुरू झाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणूनच गरोदरपणातील पहिल्या तपासणीतच एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी देऊ केली जाते. बाधित मातेला आयुष्यभराचे औषध तत्काळ सुरू होते, बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध दिले जाते. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासले जातात आणि १८ महिन्यांनी अंतिम निदान होते.

येथेही एक अडचण आहे. चाचणी होते ती पत्नीची. ती बाधित निघाली तर घरात दोष तिच्यावर येतो, कारण निदान प्रथम तिचे झालेले असते. पतीनेही त्याच वेळी चाचणी करावी, असा आग्रह समुपदेशक धरतात तो याचसाठी. पहिली प्रसूती माहेरी आणि नोंदणी सासरी, अशा स्थितीत पाठपुराव्याचा धागा तुटणार नाही, ही जबाबदारी आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविकेवर येते.

निदानानंतर काय?

मोफत एआरटी उपचार भारतात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. तेव्हा प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण आहे. आता तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी रोज घ्यावी लागते. नियमित औषधाने रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके खाली येते की तो चाचणीत सापडत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही, त्यामुळे औषध थांबवता येत नाही. मात्र नियमित औषध घेणारी व्यक्ती काम करते, संसार करते, मुलांना वाढवते.

प्रतिबंधाची साधनेही वाढली आहेत. संसर्गाचा संभव असलेल्या प्रसंगानंतर शक्य तितक्या लवकर, कमाल ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घेतल्यास संसर्ग टाळता येतो. जोखीम कायम असलेल्यांनी आधीपासून घ्यायच्या औषधाबाबत ‘नाको’ने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनला २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. या साऱ्याने निरोधचे महत्त्व कमी होत नाही. इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा यांपासून संरक्षण तोच देतो.

शेवटचे अंतर

देवबागहून मालवणचे ग्रामीण रुग्णालय फार दूर नाही. खरे अंतर मनातले आहे. ओळखीचा कर्मचारी केंद्रात असेल, ही भीती अनेकांना गावापासून दूरच्या केंद्राकडे ढकलते. सिंधुदुर्गातील रुग्ण गंभीर आजारांसाठी गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जात आले आहेत. तपासणीसाठी कोणी मुंबई वा गोवा गाठला तरी हरकत नाही. कोणत्याही ‘आयसीटीसी’त चाचणी करता येते आणि औषध सोयीच्या एआरटी केंद्राकडे वर्ग करून घेता येते. परंतु दूरचे केंद्र म्हणजे बुडालेली मजुरी आणि चुकलेली तारीख. औषध नियमित घ्यायचे तर सेवा जवळ हवी, आणि जवळच्या सेवेवर विश्वास हवा.

हा विश्वास कायद्याच्या कलमांनी निर्माण होत नाही. केंद्राचे दार बंद करून बोलणारा समुपदेशक, नोंदवही टेबलावर उघडी न ठेवणारा कर्मचारी, शेजाऱ्याची चौकशी न करणारे गाव यांतून तो निर्माण होतो. डॉमनिक डिसोझा यांना पोलीस घेऊन गेले त्या काळात या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. भीतीला निदान तेवढे कारण होते. आज औषध आहे. तरीही चाचणीस घाबरणारा माणूस विषाणूपेक्षा माणसांना अधिक घाबरतो, ही वस्तुस्थिती जोवर बदलत नाही तोवर पहिले ९५ टक्के गाठणे कठीण राहील.

थोडक्यात महत्त्वाचे

● जवळचे चाचणी केंद्र आणि शंकानिरसन यासाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

● ‘आयसीटीसी’तील चाचणी मोफत, ऐच्छिक आणि गोपनीय असते.

● जोखमीच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जावे. औषध जितके लवकर, तितका उपयोग अधिक.

● निकाल निगेटिव्ह असला तरी जोखीम अलीकडची असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी.

● एकत्र जेवण, हस्तांदोलन, एकच शौचालय वापरणे वा डास चावणे यातून एचआयव्ही पसरत नाही.

● गरजू बाधित व्यक्तींना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा.